चौसष्टांमधल्या दहा

९ ऑगस्ट २००१ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश टेक्सासमधल्या आपल्या रँचवरून दूरचित्रवाणीवर बोलले. आपल्याकडे तेव्हा १० ऑगस्टची सकाळ उजाडली होती. भाषणाचा विषय होता मानवी भ्रूण, तोही पाच-सहा दिवसांचा, टाचणीच्या माथ्यापेक्षा कितीतरी लहान. अशा भ्रूणातून काढलेल्या मूळपेशींवरच्या संशोधनाला सरकारी पैसा द्यायचा की नाही, यावरून तिथे काही वर्षं जोरात भांडण चाललं होतं. बुश यांनी मधला रस्ता काढला. जे भ्रूण आधीच मोडले गेले आहेत, त्यांच्यापासून तयार झालेल्या पेशींवर सरकारी पैशाने काम करा. त्या रात्रीनंतर मोडलेल्या एकाही भ्रूणासाठी सरकार छदाम देणार नाही.

मग अशा पेशी जगात आहेत तरी कुठे, हा प्रश्न आला. २७ ऑगस्टला अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने यादी जाहीर केली. दहा प्रयोगशाळा आणि त्यांच्याकडच्या मिळून ६४ सेल लाइन, म्हणजे पेशींचे वंश. स्वीडनमधलं गोथेनबर्ग विद्यापीठ १९ लाइन घेऊन सगळ्यांत पुढे होतं. त्याच यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन लाइन होत्या. चौसष्टांमधल्या दहा भारतातल्या.

आपल्याकडे त्या वेळी या विषयावर कायदा नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २००० सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं होती; पण ती मोडली म्हणून कुणाला शिक्षा होण्याची सोय नव्हती. बुश यांच्या अटी मात्र स्पष्ट होत्या: भ्रूण अपत्यप्राप्तीसाठी बनवलेला आणि वापरून उरलेला असावा, देणाऱ्यांनी समजून-उमजून संमती दिलेली असावी, त्यासाठी पैसे दिलेले नसावेत. म्हणजे मुंबईतल्या एखाद्या जोडप्याने कोणत्या कागदावर, काय वाचून सही केली, हा प्रश्न वॉशिंग्टनच्या राजकारणामुळे पुढे आला. आपण होऊन आपण तो विचारला नव्हता. पुढे त्या यादीची हवाही गेली. ६४ पैकी जेमतेम वीसेक लाइन संशोधकांच्या हाती पडण्याजोग्या निघाल्या आणि त्यांत भारतातली एकही नव्हती. तरीही ती यादी महत्त्वाची आहे, कारण या वादात आपली जागा कुठे आहे ते तिच्यातून कळतं. अमेरिका विचारत होती, हा भ्रूण माणूस आहे का? आपल्यासाठी त्याहून निकडीचे प्रश्न दुसरे आहेत, असं माझं ठाम मत आहे. ज्या बाईच्या शरीरातून तो आला तिला नीट विचारलं का? आणि त्याच्या नावाने आजारी माणसाला काय विकलं जातंय?

आधी वस्तू काय आहे ते पाहू. आयव्हीएफमध्ये बाईला दहा-बारा दिवस इंजेक्शनं देऊन एकाच पाळीत अनेक बीजांडं पिकवली जातात. ती बाहेर काढून शुक्राणूंशी त्यांचं मीलन घडवलं जातं. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण पोकळ गोळीसारखा होतो. डॉक्टर त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. त्यात शंभर-दोनशे पेशी असतात. बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होते आणि आत एका बाजूला चिकटलेल्या छोट्याशा पुंजक्यापासून सगळं बाळ. हृदय, मेंदू, हाडं, कातडी, सगळं त्या पुंजक्यात अजून न ठरलेल्या अवस्थेत असतं. तो पुंजका काढून योग्य पोषणद्रव्यांत वाढवला, तर त्या पेशी काहीही बनण्याची क्षमता न गमावता वर्षानुवर्षं दुप्पट होत राहतात. अशा एका भ्रूणापासून वाढलेल्या पेशींच्या वंशाला सेल लाइन म्हणतात. पुंजका काढला की भ्रूण संपतो. सगळं भांडण या एका कृतीवर आहे.

उंदरात हे १९८१ मध्ये जमलं. माणसात ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये करून दाखवलं आणि पाच लाइन मिळवल्या. भ्रूण नष्ट होणाऱ्या संशोधनाला केंद्राचा पैसा द्यायचा नाही, असं कलम १९९६ पासून अमेरिकी संसद अर्थसंकल्पात घालत आली होती. म्हणून थॉमसन यांनी हे काम खासगी कंपनीच्या पैशाने, विद्यापीठातल्या सरकारी निधीच्या कामापासून अलग ठेवलेल्या जागेत केलं. त्या पाच लाइनमधली एच-९ पुढे पुन्हा भेटेल.

अमेरिकेतल्या वादाचं मूळ गर्भपाताच्या राजकारणात होतं. फलन झालं त्या क्षणापासून माणूस, अशी कॅथलिक चर्चची भूमिका आहे. १९८७ मध्ये व्हॅटिकनने प्रयोगशाळेतल्या भ्रूणांबाबतही ती लेखी मांडली. (नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत त्याच वर्षी स्थापन झाला, म्हणजे ही भूमिका मानणारी माणसं आपल्या शहरातही आहेत. तिचा प्रतिवाद करावा, पण ती परदेशी आहे म्हणून उडवून लावू नये.) दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की हे भ्रूण तसेही टाकूनच द्यायचे आहेत, मग त्यांतून पार्किन्सन्स, मधुमेह, मणक्याची इजा यांवर उपाय शोधण्यात काय वाईट? यावर उलट उत्तर येई, की मरणार आहे म्हणून कुणाला मारता येतं का? माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांना अल्झायमर झाला होता. त्यांच्या पत्नी नॅन्सी आपल्याच पक्षाच्या भूमिकेविरुद्ध संशोधनाच्या बाजूने उभ्या राहिल्या. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्याच्या तिजोरीतून तीन अब्ज डॉलर मंजूर केले. २००६ मध्ये बुश यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार याच विषयावर वापरला आणि मार्च २००९ मध्ये ओबामांनी ते निर्बंध उठवले. या धामधुमीत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झाली. मूळपेशींनी ज्यांवर लवकर उपाय निघेल अशा आजारांच्या यादीत अल्झायमर कधीच वरच्या क्रमांकावर नव्हता. पण प्रचारात तोच पुढे होता, कारण रेगन यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं होतं.

इंग्लंडने वेगळी वाट धरली आणि मला ती जास्त समंजस वाटते. तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये सांगितलं की फलनापासून चौदा दिवसांपर्यंत संशोधन करू द्यावं, त्यापुढे नाही. साधारण पंधराव्या दिवशी भ्रूणावर एक रेघ उमटते, तिथून शरीराची डावी-उजवी, वरची-खालची दिशा ठरू लागते. त्याआधी एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात. जो अजून एक की दोन हेच ठरलेलं नाही, त्याला एक व्यक्ती म्हणणं कठीण. १९९० मध्ये तिथे या मर्यादेचा कायदा झाला आणि परवाने देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. जर्मनीने नाझी काळातल्या वैद्यकीय अत्याचारांची आठवण ठेवून आपल्या भूमीवर भ्रूण मोडायला बंदी केली, पण ठरावीक तारखेआधी परदेशात बनलेल्या पेशी आयात करायला २००२ मध्ये परवानगी दिली. इराणमध्ये तेहरानच्या रोयान संस्थेने २००३ मध्ये स्वतःची लाइन तयार केली. गर्भात आत्मा १२० दिवसांनी येतो, या इस्लामी परंपरेतल्या मतामुळे तिथल्या धर्मशास्त्र्यांची फारशी अडचण झाली नाही. तेव्हा धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, अशी सरळ फाळणी या वादात कुठेच नाही.

आपल्या ग्रंथांतही एकमत नाही. चरकसंहितेप्रमाणे शुक्र, शोणित आणि जीव यांचा गर्भाशयात संयोग झाला की त्याला गर्भ म्हणावं, म्हणजे जीव पहिल्यापासूनच आहे. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात हृदय स्पष्ट होतं आणि गर्भाला इच्छा होऊ लागतात. गर्भोपनिषदात सात रात्रींच्या गर्भाचं वर्णन बुडबुड्यासारखा असं आहे आणि जीवाशी त्याचा संयोग थेट सातव्या महिन्यात सांगितला आहे. त्या बुडबुड्यावरून प्राचीनांना ब्लास्टोसिस्ट ठाऊक होता असा निष्कर्ष काढायचा मोह कुणी करू नये. सूक्ष्मदर्शकाविना तो दिसत नाही. एवढंच म्हणता येईल, की जीव कधी येतो यावर या देशात एकच उत्तर कधी लादलं गेलं नाही, आणि म्हणून इथे प्रयोगशाळांसमोर निदर्शनं झाली नाहीत.

पण निदर्शनं झाली नाहीत याचा अर्थ सगळं ठीक होतं असा नाही. भ्रूणावरचं खरं राजकारण महाराष्ट्रात आधीच होऊन गेलं होतं आणि ते अमेरिकेपेक्षा जास्त अवघड होतं. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षा करून मुलीचे गर्भ पाडणं उघड चालायचं. स्त्री-संघटना, काही डॉक्टर आणि लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते त्याविरुद्ध एकत्र आले. त्यांच्यापुढे पेच होता. १९७१ च्या कायद्याने बाईला मिळालेली गर्भपाताची मुभा त्यांना घालवायची नव्हती आणि मुलींचे गर्भ वेचून पाडणं तर थांबवायचंच होतं. गर्भाचा जगण्याचा हक्क असं म्हटलं असतं, तर बाईचा हक्क गेला असता. म्हणून त्यांनी युक्तिवाद गर्भावर न बेतता तंत्रज्ञान कोण, कुणावर, कशाच्या दबावाखाली वापरतं यावर बेतला. १९८८ मध्ये महाराष्ट्र गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. माझ्या मते मूळपेशींच्या वादाला लागणारी विचाराची हत्यारं या राज्यात तेव्हाच घडली होती. २००१ मध्ये ती कुणी बाहेर काढली नाहीत, याचं वाईट वाटतं.

ती बाहेर काढली असती, तर पहिला प्रश्न बीजांडांचा आला असता. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने क्लोन केलेल्या भ्रूणातून मूळपेशी काढल्याचा दावा २००४ आणि २००५ मध्ये केला. राष्ट्रीय वीर म्हणून तो मिरवला गेला. दावा खोटा निघाला. त्याहून जास्त बोचणारी गोष्ट चौकशीत बाहेर आली: त्या कामासाठी दोन हजारांहून जास्त बीजांडं वापरली गेली होती, काही बायकांना पैसे दिले होते आणि त्याच्याच प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधक मुलींनीही बीजांडं दिली होती. वरिष्ठासमोर नाही म्हणायची त्यांची कितपत ताकद होती? बीजांडं पिकवण्याच्या इंजेक्शनांनी क्वचित पोटात पाणी भरतं, श्वास कोंडतो, रुग्णालयात ठेवावं लागतं. भ्रूण आभाळातून पडत नाही, तो एका बाईने सोसलेल्या इंजेक्शनांतून येतो.

आता नाशिककडे येऊ. गंगापूर रोड, कॉलेज रोड या भागांत फिरलं की आयव्हीएफच्या पाट्या दिसतात. जिल्ह्यातूनच नाही तर धुळे-नंदुरबारकडूनही जोडपी येतात. त्यांतली कित्येक त्र्यंबकेश्वरला जाऊन तीन दिवसांचा नारायण नागबळीही करतात, कारण संततीसाठी सांगितलेला तो विधी आहे आणि घरच्या वडीलधाऱ्यांचं मन मोडवत नाही. यात मला विसंगती दिसत नाही. मूल हवं असलेलं माणूस सगळी दारं ठोठावतं.

अशा केंद्रात प्रक्रियेआधी एक जाड फाइल समोर येते. पानं बहुतेक इंग्रजीत. नवरा-बायकोने सह्या करायच्या जागी पेन्सिलीने आधीच फुल्या मारलेल्या असतात. मागे पुढची जोडपी थांबलेली, सासूबाई बाहेर बाकावर, आणि दुपारची बस गाठायची असते. मधल्या एखाद्या पानावर एक प्रश्न असतो: वापरून उरलेले भ्रूण साठवायचे, नष्ट होऊ द्यायचे, की संशोधनाला द्यायचे? "सिस्टर, हे उरलेले म्हणजे?" असं एखादीने विचारलंच, तर "ताई, ते फ्रीज करून ठेवतात, पुढच्या वेळी कामाला येतात" एवढं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर तो भ्रूण वर्षानुवर्षं राहतो. संशोधनाला दिला तर तो मोडला जाईल. त्याच्या पेशी, देणारी बाई म्हातारी झाली तरी, जगात कुठेतरी वाढत असतील. त्यांवर कुणी औषध बनवून नफा कमावेल आणि देणाऱ्यांना त्यातलं काही मिळणार नाही. हे सगळं मराठीत, घाई न करता सांगितल्यावर जर एखादं जोडपं हो म्हणालं, तर ती संमती. आणि माझा अनुभव असा, की नीट समजावलं तर आपली माणसं द्यायला तयार असतात. नेत्रदानाचा फॉर्म भरतानाही तेच दिसतं.

चांगलं काम आपल्याकडे झालंच नाही, असं मुळीच नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या हर्षा या टेस्ट ट्यूब बाळामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या आयसीएमआर संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. पुढे त्याच परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने किंड-१ आणि किंड-२ या दोन मानवी भ्रूणीय लाइन तयार करून २००९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये हिंदुजांचंही नाव आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात डॉ. मनीषा इनामदार यांच्या गटानेही त्याच सुमारास दोन लाइन तयार केल्या. भारतीय वंशाच्या पेशी उपलब्ध असण्याला महत्त्व आहे, कारण औषधांना आणि आजारांना वेगवेगळ्या समूहांच्या पेशी वेगवेगळा प्रतिसाद देतात. या कामांना अमेरिकेतल्यासारखी गाजावाजाची प्रसिद्धी मिळाली नाही.

गाजावाजा दुसऱ्याच गोष्टीचा झाला. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांच्या नावात संशोधन आणि उपचार असे दोन्ही शब्द होते. २०१३ मध्ये सुधारणा करताना उपचार हा शब्द मुद्दाम गाळला, कारण रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूळपेशींचा सिद्ध उपचार तेव्हा नव्हताच. २०१७ मध्ये आणखी स्पष्ट केलं: मान्यताप्राप्त चाचणीबाहेर रुग्णाला मूळपेशी देणं हा गैरव्यवहार समजावा. २०१९ च्या औषध नियमांत मूळपेशींपासूनची उत्पादनं नव्या औषधाच्या व्याख्येत आली. तरीही जाहिराती थांबल्या नाहीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मणक्याची इजा, गुडघे, सगळ्यावर स्टेम सेल. यांतल्या बहुतेक ठिकाणी भ्रूणाच्या पेशी नसतात, रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या असतात. पण भ्रूणीय पेशींच्या शक्तीबद्दल ऐकलेल्या आशेवर हा बाजार उभा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार सुचवता येत नाही असं सांगितलं, तोवर कित्येक आईबापांनी जमिनी विकल्या होत्या. मला या वादातली सगळ्यांत मोठी अनैतिकता इथे दिसते. पाच दिवसांच्या भ्रूणाची बाजू घेणारे पुष्कळ भेटतील. पाच वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला घेऊन शहरोशहरी फिरणाऱ्या आईची बाजू कोण घेणार?

२००६-०७ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी कातडीच्या साध्या पेशींना मागे नेऊन भ्रूणीय पेशींसारखं बनवलं आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वाद संपला असं तेव्हा पुष्कळांना वाटलं, पण तो संपला नाही. एप्रिल २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात पार्किन्सन्सच्या दोन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. क्योटोच्या चाचणीत यामानाका पद्धतीच्या पेशी होत्या आणि अमेरिका-कॅनडातल्या बारा रुग्णांना दिलेल्या मेंदूपेशी भ्रूणीय मूळपेशींपासून, म्हणजे थॉमसन यांच्या १९९८ मधल्या एच-९ लाइनपासून, बनवलेल्या होत्या. दोन्ही सुरक्षित ठरल्या. गुण किती येतो ते मोठ्या चाचणीतून कळेल. पाव शतकाहून आधी मोडलेल्या एका भ्रूणाच्या पेशी आज माणसांच्या मेंदूत डोपामिन बनवत आहेत. हे काम थांबायला नको होतं, असंच मी म्हणेन. आणि चौदा दिवसांची मर्यादा आता पुन्हा चर्चेत आहे, कारण मूळपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ती सरसकट बंदीच्या यादीतून काढली.

भारतात २०२१ चा सहाय्यित प्रजनन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. बीजांडं देणारी बाई आयुष्यात एकदाच देऊ शकेल आणि सातपेक्षा जास्त बीजांडं काढता येणार नाहीत, असं त्यात आहे. भ्रूण दहा वर्षांहून जास्त साठवता येणार नाहीत. मुदत संपली की ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे, असंही आहे. कायदा लागू झाला त्या वर्षी नाशिकमध्ये गोठवलेल्या भ्रूणांची मुदत २०३२ मध्ये भरेल. तोपर्यंत काही जोडप्यांना मूल झालेलं असेल, काहींनी गाव बदललेलं असेल, काही वेगळी झालेली असतील, आणि ज्याच्या कपाटात मूळ फाइल असेल त्या केंद्राला त्यांना फोन लावावा लागेल. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. संमतीपत्राचा साध्या मराठीतला नमुना आणि ते समजावून सांगणाऱ्या समुपदेशकांचं प्रशिक्षण ही दोन्ही कामं तिथून सुरू करता येतील आणि २०३२ च्या आत पुरी होण्यासारखी आहेत.